अन्सेल्मोची राहिलेली अंडी

आमच्या रोसारियो शहरात त्या काळी अर्थशास्त्र न येणारा माणूस एकच होता, आणि तो अर्थशास्त्राचा पदवीधर होता. बाकी सगळ्यांना ते येत होतं. इतालो न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा टेकवून महागाईची कारणं सांगे, त्यामुळे त्याचं म्हणणं आजवर कोणी खोडून काढलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या कोंबड्यांच्या दुकानात दोन्या पोरोता, म्हणजे पोरोताबाई, सुरीने कोंबडीचे तुकडे करता करता अर्थमंत्र्याचेही करी. बसचा ड्रायव्हर, चर्चमधला पाद्री, शेंगदाणे विकणारा, सगळ्यांची मतं पक्की होती. फक्त अन्सेल्मो बेर्तोलोत्तीला कोणी काही विचारत नसे. तो दुकानात शिरला, की लोक उलट त्यालाच समजावून सांगायला लागत.

याचं कारण सांगायचं तर अंड्यांपासून सुरुवात करायला हवी.

पदवीची शेवटची परीक्षा पास होऊन मुलगा विद्यापीठाच्या दाराबाहेर आला, की त्याच्या डोक्यावर अंडी फोडायची, पीठ ओतायचं, हाताला लागेल ते फासायचं आणि मग तसाच त्याला गल्लीतून मिरवत घरी आणायचा, ही आमच्याकडची रीत. पदवीचा कागद वर्षभराने आला तरी चालतो. अंडी त्याच दिवशी लागतात. अंड्यांशिवाय पदवी म्हणजे केकशिवाय लग्न. कायदेशीर असतं, पण लोक कुजबुजतात.

अन्सेल्मोची शेवटची परीक्षा होती संख्याशास्त्राची. प्राध्यापक इतुर्राल्देंकडे तोंडी परीक्षा. टेबलावर एक लाकडी गोल पिंजरा, त्यात चौदा प्रकरणांच्या चौदा आकड्यांच्या गोट्या. पिंजरा गरागरा फिरवायचा, जी गोटी पडेल त्यावर बोलायचं. अन्सेल्मोने तेरा प्रकरणं घोटून पाठ केली होती. चौदाव्याला त्याने हात लावला नव्हता, कारण ते त्याला एकदाही कळलं नव्हतं. पहिल्या वेळी गोटी पडली ती चौदावी.

बाहेर अर्धी गल्ली अंडी घेऊन उभी. अन्सेल्मो पांढराफटक चेहरा घेऊन बाहेर आला आणि सगळी अंडी जशीच्या तशी परत गेली. त्या संध्याकाळी गल्लीत घरोघरी ऑम्लेट होतं. दुसऱ्या वेळी पुन्हा चौदावी. तिसऱ्या वेळीही. चौथ्या वेळी बाहेर फक्त त्याची आई नेलिदा उभी होती, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं एक अंडं घेऊन.

"बेर्तोलोत्ती," चौथ्या वेळी इतुर्राल्दे चष्मा काढून म्हणाले होते, "चौदातली तेरा प्रकरणं येतात आणि तरी चार वेळा ओळीने चौदावीच गोटी पडते. असं घडण्याची शक्यता किती, एवढं सांगितलंत तरी मी तुम्हाला पास करतो."

तेही त्याला सांगता आलं नाही. कारण शक्यता हेच चौदावं प्रकरण होतं.

पाचव्या वेळी त्याने ते प्रकरण रडत रडत पाठ केलं. गोटी पडली ती दुसरी, आणि त्या धक्क्याने सगळंच विसरून तो जेमतेम पास झाला. आनंदाने दार ढकलून बाहेर आला, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. नेलिदासुद्धा त्या दिवशी दंतवैद्याकडे गेली होती. जुलै होता, आमच्याकडचा ऐन हिवाळा. अन्सेल्मो जरा वेळ पायरीवर थांबला, कोणी उशिरा येत असेल म्हणून. मग कोरडा ठणठणीत बसमध्ये चढला.

त्याचं स्वच्छ डोकं पाहून गल्लीने सांत्वन केलं. "पुढच्या वेळी," इतालो म्हणाला.

"मी पास झालो."

"हो रे बाबा, हो," इतालो म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

महिनाभराने नेलिदाने पदवीचा दाखला दुकानोदुकानी दाखवला तेव्हा लोकांनी मान्य केलं, पण मनातून नाही. आणि अंडी राहिली ती राहिलीच.

अशा माणसाने पुढे मास्टर्सला अर्ज करावा, हे ऐकून गल्लीला हसावं की रडावं कळेना. पण त्याच्यामागे रेमिखिओमामा होता. मामाचं रंगांचं दुकान होतं आणि अन्सेल्मो अकरा वर्षं शिकता शिकता तिथे रंग कालवत होता. लोक येत आणि "परवा दिला होता तसाच हिरवा" मागत. तसाच हिरवा अन्सेल्मोच्या हातून कधीही दुसऱ्यांदा झाला नाही.

"मार्चमध्ये दुकान तुझ्या नावावर करतो आणि मी नदीवर गळ टाकून बसतो," मामाने जाहीर केलं. "नको असेल तर कारण दाखव. नुसती पदवी कारण होत नाही. पदवी तर तुला आधीच आहे आणि तरी तू इथेच आहेस."

म्हणजे मार्चच्या आत प्रवेश, नाहीतर जन्मभर हिरवा. अन्सेल्मोला दुकान नको होतं. त्याला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कोणीतरी थांबवून विचारायला हवं होतं, की "अन्सेल्मो, तुला काय वाटतं?"

शहरात नव्यानेच एका संस्थेने अर्थशास्त्राचं मास्टर्स सुरू केलं होतं. अट होती दहापैकी सात सरासरीची. अन्सेल्मोच्या दोन सरासऱ्या होत्या, कारण आमच्याकडे नापासांसकट एक निघते आणि नापास वगळून एक. नापास वगळून ती साडेपाच भरत होती. नापासांसकट किती, हे नेलिदा घरात मोठ्याने बोलू देत नसे.

"वगळलेली लिही," पोरोताने कोंबडी उलटी करत सल्ला दिला. "मी काय सडलेली अंडी मोजून सांगते का गिऱ्हाइकाला?"

"दोन्ही लिहायच्या आहेत, दोन्या पोरोता. अर्जात तसं म्हटलंय."

"मग दोन्हींची बेरीज कर. सातच्या वर जाईल."

अन्सेल्मोने समजावण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. गंमत म्हणजे बेरीज खरंच सातच्या वर जात होती.

इतालोचं म्हणणं वेगळं. "सरासरीकडे कोण बघतं? शिफारसपत्रं बघतात. मोठ्या माणसाचं पत्र आण."

"मोठा माणूस म्हणजे कोण?"

"माझं एक गिऱ्हाईक आहे. नगरपालिकेत स्मशानाचं खातं बघतो."

पत्रं दोन लागत होती आणि ती प्राध्यापकांचीच लागत होती. अन्सेल्मो एकेका दारावर जाऊन आला. एका प्राध्यापकांनी त्याला वीजबिलवाला समजून मीटर दाखवलं. दुसऱ्यांनी कपाळाला हात लावून बराच वेळ आठवलं आणि "तुम्ही ते उंच, गिटार वाजवणारे" असं म्हणाले. अन्सेल्मो बुटका होता. तरी त्याने मान डोलावली, त्यामुळे पहिलं पत्र एका उंच गिटारवाल्याच्या गुणांचं मिळालं. पण अकरा वर्षांत त्याला नावानिशी ओळखणारा प्राध्यापक विद्यापीठात एकच निघाला.

"या, बेर्तोलोत्ती," इतुर्राल्दे दारातच म्हणाले. "मी पिंजरा आणायला सांगू का?"

"सर, शिफारसपत्र हवं होतं."

म्हाताऱ्याने त्याला आत बसवलं. मग बायकोला माते करायला सांगितलं, तो कडू पाल्याचा चहा त्याच्याबरोबर एकाच नळीने आलटून पालटून ओढला, आणि म्हणाला, "खोटं लिहिणार नाही."

"थोडंसुद्धा?"

"थोडंसुद्धा नाही. पण खरं मात्र भरपूर लिहीन."

पाकीट बंद होतं. अन्सेल्मोने ते घरी दिव्यासमोर धरून बघितलं. नेलिदाने किटलीच्या वाफेवर धरू या असं सुचवलं. पण बेर्तोलोत्ती घराण्याची अब्रू मध्ये आली, आणि शिवाय पाकिटाला मेण होतं.

डिसेंबरात मुलाखतीचं बोलावणं आलं. साडेपाच सरासरीच्या माणसाला का बोलावलं, हे कोणाला कळेना. अन्सेल्मोला वाटलं त्याचं अर्जातलं निवेदन आवडलं असावं. नेलिदाला वाटलं तिने अशक्य कामं करून देणाऱ्या संत रीताला लावलेली मेणबत्ती पावली. गल्लीला मात्र एवढंच कळलं की अन्सेल्मो कोट घालून विद्यापीठासारख्या ठिकाणी जाणार आहे, आणि गल्लीच्या मनाला जुनी टोचणी लागली.

"त्या दिवशी आपण गेलो नाही ते बरं नाही झालं," पोरोता म्हणाली. "पोरगं कोरडं आलं बिचारं. या खेपेला जायचं."

"पण ही परीक्षा नाही. मुलाखत आहे," नेलिदा म्हणाली.

"आत जाऊन तोंडी बोलतो ना? मग परीक्षाच की ती," इतालोने निकाल दिला. "बाहेर येऊ दे, बघतोच त्याला."

अन्सेल्मोला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याला काळजी होती ती कोटाची. त्याचा स्वतःचा कोट कोपरांवर रंगांनी माखलेला, त्यात हिरवेच तीन प्रकारचे. शेवटी इतालोने आपल्या लग्नातला सूट काढून दिला. डांबराच्या गोळ्यांचा वास इतका, की बसमध्ये अन्सेल्मोच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. "जीवापाड जप," इतालोने बजावलं होतं. "माझ्या मुलाच्या लग्नात मला घालायचाय."

अन्सेल्मो वेळेच्या बराच आधी पोचला आणि कचेरीच्या खिडकीपाशी गेला. आतल्या बाईने त्याचे कागद चाळले आणि पदवीच्या दाखल्यावर बोट ठेवलं.

"याची प्रत?"

"ती अर्जाबरोबर जोडली होती."

"ती अर्जाची. मला मुलाखतीची हवी."

"दोन्ही एकच आहेत, बाई."

"मग काढायला काय हरकत आहे?" बाई म्हणाल्या.  "समोर झेरॉक्सचं दुकान आहे. पळत जा. तुमचं नाव पुकारतील आता."

अन्सेल्मो पळत निघाला. दाखला हातात उंच धरून त्याने दार ढकललं आणि उन्हात पायरीवर आला.

रस्त्यापलीकडे झाडाखाली गल्ली उभी होती. गल्लीने काय पाहिलं? अन्सेल्मो दारातून धावत बाहेर येतोय, हातात दाखला फडकतोय, चेहरा लाल झालाय. याचा दुसरा अर्थ आमच्याकडे होत नाही.

पहिलं अंडं इतालोचं. ते बरोबर छातीवर फुटलं. दुसरं कानावर. मग पोरोता पिशवीसकट चालून आली, आणि कोंबड्यांच्या दुकानदारिणीला अंड्यांची काय कमी. नेलिदा मागून "अरे थांबा, आधी विचारा तरी" असं ओरडत होती, पण तिच्याच हातातली पिठाची पुडी गर्दीत कोणाच्या तरी कोपराने उडाली आणि अन्सेल्मोच्या डोक्यावर येऊन सांडली. इतालोने आनंदाने त्याला मिठी मारली, आणि मिठीतच त्याच्या नाकात डांबराच्या गोळ्यांचा वास शिरला. तो मागे सरला. अंड्याचा बलक बटणाबटणावरून ओघळत होता.

"माझा सूट," तो हळूच म्हणाला.

"माझी मुलाखत," अन्सेल्मो म्हणाला. "अजून व्हायचीय. मी झेरॉक्सला चाललो होतो."

 पोरोताने हातातलं अंडं हळूच पाठीमागे लपवलं.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि एका आवाजाने पुकारलं, "बेर्तोलोत्ती, अन्सेल्मो."

नळावर तोंड धुतलं ही त्याची मोठी चूक झाली. पीठ कोरडं होतं तोवर झटकता येत होतं. पाणी लागल्यावर केसांत कणीक तयार झाली, अंडं आधीच होतं, आणि डिसेंबरचं ऊन असं की बाकीचं काम आपोआप होत आलं. तशा अवस्थेत तो कचेरीत परतला. दाखल्याची प्रत निघाली नव्हती. मूळ दाखलाच बलकाने माखला होता, तो त्याने खिडकीवर दिला. बाईंनी तो चिमटीत धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता शिक्का मारला.

मुलाखतीच्या खोलीत तीन परीक्षक होते. मध्ये एक बाई, लागोमार्सीनो नावाच्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन गृहस्थ. तिघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तिघेही, आमच्याकडचेच असल्याने, आपोआप हसले.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "कुठली परीक्षा पास झालात?"

"कुठलीच नाही. मी मुलाखतीला आलोय."

"आमच्या?"

"हो."

"पण आम्ही अजून काही ठरवलं नाही."

"माझ्या शेजाऱ्यांनी ठरवलं," अन्सेल्मो म्हणाला आणि खुर्चीत बसला. खुर्चीतून बारीक चर्र असा आवाज झाला. खिशात एक अंडं आत्तापर्यंत शाबूत होतं.

डावीकडच्या गृहस्थांनी घसा साफ केला आणि त्याची गुणपत्रिका पुढे ओढली. "संख्याशास्त्रात चार वेळा नापास. हे कसं काय?"

अन्सेल्मोने घरून एक उत्तर पाठ करून आणलं होतं. त्यात आजारपण होतं, कौटुंबिक जबाबदारी होती आणि बदलता अभ्यासक्रम होता. पण कानात बलक गेलेल्या माणसाला पाठ केलेलं आठवत नाही. त्याने खरं होतं ते सांगून टाकलं. चौदावी गोटी सांगितली. पहिल्या खेपेला अर्धी गल्ली आली, मग कमी, मग आणखी कमी, मग आईचं एक अंडं, आणि खरोखर पास झालो त्या दिवशी कोणीही नाही.

"म्हणजे चूक त्यांची नव्हती," तो म्हणाला. आता त्याला जरा रंग चढला होता. "मीच दर वेळी सांगायचो, की ही शेवटची. सरकार दर वर्षी सांगतं, की आता भाव थांबले. पहिल्यांदा लोक विश्वास ठेवतात. चौथ्यांदा खरेदी करून साखर घरात भरतात. आणि पाचव्यांदा सरकार खरं बोललं, तरी कोणाला पटत नाही. भाव थांबायला नुसतं खरं बोलून भागत नाही. आधी जेवढं खोटं बोललो त्याची फेड करावी लागते. मी कोरडा घरी गेलो ती माझी फेड होती."

उजवीकडचे गृहस्थ, जे इतका वेळ डोळे मिटून होते, त्यांनी एक डोळा उघडला. "मग आज का फेकली? आज तर तुम्ही काहीच जाहीर केलं नव्हतं."

अन्सेल्मोने विचार केला. कपाळावरून काहीतरी घरंगळून भुवईवर थांबलं.

"म्हणूनच फेकली," तो म्हणाला. "माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही. पण धावत दाराबाहेर येणाऱ्या माणसावर आहे. त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी ठरवलं. निष्कर्ष चुकला, पण विचार बरोबर होता."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग एक कागद उचलला. "प्राध्यापक इतुर्राल्देंनी तुमच्याबद्दल लिहिलंय. 'या उमेदवाराला मी माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा जास्त वेळा भेटलो आहे. तो दर वेळी परत आला. त्याच्या बाबतीत जे घडलं त्याची शक्यता मी मोजली, ती नगण्य आहे. असा माणूस जवळून पाहण्याची संधी आपल्या संस्थेने सोडू नये.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यासाठीच बोलावलं होतं, खरं सांगायचं तर. बघायला."

अन्सेल्मोला हा अपमान की सन्मान ते ठरवता आलं नाही. त्याने दोन्ही मिळून अर्धवट मान लववली आणि भुवईवरचं टरफल बाईंच्या टेबलावर पडलं.

उत्तर पंधरवड्यात आलं. प्रवेश मंजूर, पण अटीवर. मार्चमध्ये एक पूर्वतयारीची परीक्षा पास व्हायची. विषय संख्याशास्त्र. तोंडी.

"पिंजरा असेल?" नेलिदाने विचारलं.

"असेल."

 संत रीतापुढे त्या उन्हाळ्यात मेणबत्ती विझली नाही.

या खेपेला अन्सेल्मोने चौदाच्या चौदा प्रकरणं केली, चौदाव्यापासून उलटी सुरुवात करून. तारीख त्याने आईखेरीज कोणालाही सांगितली नाही. आईने ती पोरोताखेरीज कोणालाही सांगितली नाही. रेमिखिओमामाने दुकानाचे कागद तयार करून गल्ल्यात ठेवले आणि मासे धरायचा गळ दाराशी उभा करून ठेवला, पोराने बघावा म्हणून.

पिंजरा फिरला. गोटी पडली. चौदावी.

अन्सेल्मोला हसू आलं, आणि परीक्षक घड्याळ बघायला लागेपर्यंत तो बोलत राहिला.

दार उघडून तो बाहेर आला तेव्हा झाडाखाली गल्ली उभी होती. सगळी. इतालो साधा सदरा घालून. मामा लांब फुटपाथवर, आपण सहज आलो असं दाखवत. पण कोणी हलेना. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. डिसेंबरात हात पोळलेले होते.

अन्सेल्मोने होकारार्थी मान हलवली.

"नक्की?" पोरोताने विचारलं.

"नक्की."

"कागद आहे?"

"आहे."

तिने नेम धरला आणि फेकलं. ते कपाळावर टण्‌कन बसलं आणि टप्पा घेऊन फुटपाथवर घरंगळत गेलं. अन्सेल्मो डोकं धरून खाली बसला.

"उकडलेलं आहे," तो म्हणाला.

"मग काय करू? डिसेंबरात दोन डझन कच्ची फुकट गेली माझी," पोरोता म्हणाली. "तुझा काय भरवसा. नापास झाला असतास तर निदान सॅलडमध्ये तरी घातली असती."

सगळ्यांचीच उकडलेली निघाली. प्रत्येकाने आपापल्या घरी स्वतंत्रपणे तोच विचार केला होता. तरी रीत ती रीत, म्हणून त्यांनी ती त्याच्या डोक्यावर एकेक करून हलकेच आपटून फोडली, आणि मामाने शेवटचं फोडलं. "गळ एकट्यानेच धरावा लागणार तर," तो म्हणाला आणि नाक शिंकरलं.

नंतर सगळे पायरीवर बसून ती सोलत होते. इतालोने टरफल काढता काढता थांबून अन्सेल्मोकडे पाहिलं, कधी पाहिलं नव्हतं तसं.

"बरं, अन्सेल्मो," तो म्हणाला. "तुला काय वाटतं? भाव वाढतील का?"

सोलणं थांबलं.  नेलिदाने पर्सचा पट्टा पिळला. एवढी वर्षं तो ज्या प्रश्नाची वाट बघत होता तो आला होता, आणि अख्खी गल्ली उत्तरासाठी श्वास रोखून बसली होती. अन्सेल्मोने प्रामाणिकपणे विचार केला. चौदाही प्रकरणं डोळ्यांसमोरून गेली.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

"अकरा वर्षं शिकून?" इतालोने विचारलं.

"अकरा वर्षं शिकून."

"अरे सोपं आहे," इतालो म्हणाला आणि अंड्याचा एक घास घेऊन त्याला समजावून सांगायला लागला. अन्सेल्मोने भिंतीला पाठ टेकली, कपाळावरच्या टेंगळाला हात लावला आणि हातातल्या अंड्याकडे पाहिलं. पोरोताने खिशातून मिठाची पुडी काढून पुढे केली. ती तिने घरूनच आणली होती.